गोव्यात आरोग्याच्या बिलाला एकच खिडकी: काय जमेल, कुठे अडेल

सिंगल-पेयर, म्हणजे सगळी बिलं एकाच संस्थेने भरण्याच्या, आरोग्यसेवेचा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा अमेरिकेच्या बातम्यांतून येतो आणि तिथल्याच बाजू घेऊन लढवला जातो. एक बाजू म्हणते सगळ्यांना मोफत, दुसरी म्हणते सरकारी रांगा. गोव्यापुरतं बोलायचं तर या दोन्ही घोषणांचा फार उपयोग नाही. मोठं सरकारी इस्पितळ इथे आधीपासून आहे, रांगाही आहेत आणि बऱ्याच घरांत राज्याच्या आरोग्य योजनेचं दीनदयाळ कार्डही आहे. खरा प्रश्न आहे तो एकाच माणसाच्या आजारपणाचे पैसे किती वेगवेगळ्या निधींतून चुकते होतात, आणि ते निधी एकत्र केले तर काय सुटेल नि काय बिघडेल, हा.

माझं मत आधीच मांडतो. गोव्याने पैसे देणारा एक करावा. पण सुरुवात कार्डावरची रक्कम वाढवण्यापासून करू नये. दरपत्रक, दाव्यांची खिडकी आणि ओपीडीतली औषधं, या तीन गोष्टी आधी हातात घ्याव्यात. त्या राहिल्या तर पाच लाखांचं कार्ड पंधरा लाखांचं केलं तरी माणूस औषधांच्या दुकानात खिसा चाचपत उभा राहणार.

सिंगल-पेयर म्हणजे बिल चुकतं करणारी संस्था एकच. इस्पितळं सरकारी असोत, ट्रस्टची असोत की खासगी. कॅनडात डॉक्टर बहुतांशी स्वतःचे दवाखाने चालवतात आणि बिल प्रांताच्या सरकारला पाठवतात. तैवानने 1 मार्च 1995 पासून सगळा देश एका राष्ट्रीय विमा यंत्रणेखाली आणला; तिथली बरीचशी इस्पितळं खासगीच राहिली. ब्रिटनची एनएचएस (राष्ट्रीय आरोग्य सेवा) 5 जुलै 1948 ला सुरू झाली, ती याच्याही पुढे गेली: तिथे पैसे देणारं सरकार आणि बहुतेक इस्पितळांचं मालकही सरकारच. उलट जर्मनीत 1883 पासून आजारविम्याचे अनेक निधी आहेत, तरी कोणी उघड्यावर नाही. म्हणजे सर्वांना संरक्षण देण्यासाठी पैसे देणारा एकच हवा, अशी सक्ती नाही. पण अनेक निधी नीट चालवायचे तर त्यांचे दर आणि नियम एक असावे लागतात, आणि जर्मनीत ते कायद्यानेच बांधून दिलेले आहेत. आपल्याकडे निधी अनेक आहेत आणि दरही अनेक.

गोव्याने सगळ्यात जास्त अभ्यास करावा तो दक्षिण कोरियाचा. तिथे 1977 मध्ये मोठ्या कंपन्यांच्या कामगारांपासून सक्तीचा विमा सुरू झाला, 1989 पर्यंत सगळे नागरिक कुठल्या ना कुठल्या निधीत आले आणि शेकडो निधी मोडून 2000 मध्ये एक राष्ट्रीय संस्था झाली. आधी सगळ्यांना आत घेतलं, मग निधी जोडले. आपण पहिला टप्पा बराचसा ओलांडला आहे. दुसऱ्याचं नाव कोणी काढत नाही.

गोव्यातले निधी मोजून बघा. पहिला आणि सगळ्यात मोठा, राज्याच्या अर्थसंकल्पातून थेट चालणारा: बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापशाचं आझिलो, मडगावचं हॉस्पिसियो, फोंड्याचं इस्पितळ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं. दुसरा, 2016 ची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना: गोव्यात पाच वर्षं वास्तव्य असलेल्या कुटुंबाला, तीन माणसांपर्यंत अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाख. तिसरा, केंद्राची आयुष्मान भारत योजना: पाच लाख, आणि ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्न न विचारता. चौथी, गोमेकॉत न होणाऱ्या उपचारांसाठीची जुनी मेडिक्लेम योजना. पाचवी ईएसआय (कामगार राज्य विमा), जिथे महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के जातात. सहावी, सरकारी कर्मचाऱ्यांची बिलं परत देण्याची पद्धत. सातवी, खासगी पॉलिसी. आठवा, आपला खिसा.

आता फोंड्यातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. मुलगा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणून ईएसआय. मुलगी सरकारी शाळेत शिक्षिका, म्हणून बिल परत मिळण्याची सोय. वडील बहात्तर वर्षांचे, त्यांच्याकडे आयुष्मानचं ज्येष्ठांचं कार्ड. आई सहासष्टची, ती दीनदयाळवर. घरातलं कोणी आजारी पडलं तर डॉक्टर गाठण्याआधी कोणतं कार्ड पुढे करायचं यावर काउंटरवर खल होतो. प्रत्येक निधीची इस्पितळांची यादी वेगळी, फॉर्म वेगळा, दर वेगळा. हृदयाची झडप तीच असते, पण तिची किंमत कार्डागणिक बदलते.

हा घोळ फक्त रुग्णाला छळत नाही. म्हापशातल्या तीस खाटांच्या नर्सिंग होमला या सगळ्यांशी बोलणारी माणसं पगारावर ठेवावी लागतात. एक स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीतली जाळी) बसवल्यावर किती कागद लागतात ते पाहा. आधी कार्डाची पडताळणी. मग पूर्वपरवानगीसाठी ईसीजी, इको, रक्ताचे रिपोर्ट, अँजिओग्राफीची सीडी आणि डॉक्टरची नोंद अपलोड करायची. मंजुरी आली की प्रक्रिया. त्यानंतर अँजिओप्लास्टीच्या आधीचे-नंतरचे फोटो, ऑपरेशनची नोंद, स्टेंटच्या पाकिटावरचं बारकोडचं स्टिकर, त्याचं बिल, डिस्चार्ज कार्ड, रुग्णाची सही. स्टिकर केसपेपरवर चिकटवायचं राहिलं, किंवा त्यावरचा बॅच नंबर बिलाशी जुळला नाही, की 'क्वेरी' येते आणि दावा खाली जातो. उत्तर दिलं की पुन्हा रांगेच्या शेवटी. वैद्यकीय चूक कुठेच झालेली नसते, तरी पैसे अडकतात. असे अनेक निधी, तितक्याच संगणक प्रणाली आणि तितक्याच तऱ्हेच्या क्वेऱ्या. सिंगल-पेयरमधली खरी बचत होते ती इथे, कागदात. अमेरिकेत आरोग्यावर देशाच्या उत्पन्नाच्या सतरा टक्क्यांच्या आसपास खर्च होतो आणि त्यातला मोठा वाटा बिलिंगच्या यंत्रणेतच जिरतो, ही तिथल्या समर्थकांची मुख्य तक्रार आहे. गोव्यात तेवढा खर्च होत नाही, पण रोग तोच.

दुसरी ताकद दरांची. बाजारात ग्राहक एकच असला की तो भाव ठरवू शकतो. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत 7,260 आणि औषधलेपित स्टेंटची 29,600 रुपये ठरवली, तेव्हा एका आदेशाने किंमत उतरली. पण एकच वस्तू दाबली की पैसा दुसरीकडून वर येतो: कॅथलॅबचं (जिथे स्टेंट बसवतात तिचं) शुल्क, खोलीचं भाडं, 'इतर साहित्य'. म्हणून दर नुसत्या वस्तूचा ठरवून भागत नाही. पूर्ण उपचाराचा ठरवावा लागतो आणि वर एक रुपयाही मागायचा नाही अशी कायदेशीर अट घालावी लागते. कॅनडाने 1984 च्या कायद्याने नेमकं हेच केलं: ज्या प्रांतात डॉक्टर रुग्णाकडून वरचे पैसे घेतील, त्या प्रांताच्या केंद्रीय अनुदानातून तेवढी रक्कम कापली जाते. ही कापणी नसती तर ती अट कागदावरच राहिली असती.

दर ठरवताना दोन्ही बाजूंना खड्डा आहे. पॅकेज, म्हणजे पूर्ण उपचाराचा ठरलेला दर, कमी ठेवलं तर इस्पितळ खाट रिकामी नाही असं सांगतं, किंवा 'चांगला इम्प्लांट हवा असेल तर एवढे वर' अशी चिठ्ठी हातात देतं. जास्त ठेवलं तर गरज नसलेल्या शस्त्रक्रिया वाढतात. 2012 मध्ये छत्तीसगड आणि बिहारमध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेखाली गरज नसताना बायकांची गर्भाशयं काढल्याची प्रकरणं उघडकीस आली. ते पॅकेजच्या लोभाचं फळ होतं, आणि त्याची किंमत त्या बायकांनी शरीराने मोजली. पुढे आयुष्मान योजनेत काही राज्यांनी अशा शस्त्रक्रिया फक्त सरकारी इस्पितळांसाठी राखून ठेवल्या. गोव्यातही हे करणं अवघड नाही. गोमेकॉ आणि दोन जिल्हा इस्पितळांच्या स्त्रीरोग विभागांना तेवढे सर्जन आणि भूलतज्ज्ञ द्यावे लागतील, बस.

प्रत्येक उपचारामागे पैसे दिले की उपचार वाढतात, हे तैवाननेही पाहिलं. त्यांनी 1998 पासून एकेक क्षेत्र घेत 2002 पर्यंत सगळ्याला एकूण खर्चाची मर्यादा घातली. वर्षाची रक्कम आधी ठरते. प्रत्येक सेवेला रुपयाऐवजी गुण मिळतात. सगळ्यांनी मिळून गुण जास्त कमावले की एका गुणाची किंमत आपोआप उतरते. निधी बुडत नाही. मात्र डॉक्टर जास्त रुग्ण पाहून ती घट भरून काढू लागतात आणि प्रत्येकाला मिळणारी मिनिटं घटतात. गोव्यात ही पद्धत आणताना ओपीडीसाठी माणशी ठरावीक रक्कम, दाखल रुग्णांसाठी पॅकेज आणि गोमेकॉसाठी थेट अर्थसंकल्प, अशी मिसळ करावी लागेल.

आणि या मिसळीत थेट अर्थसंकल्पाची जागा कोणी कमी लेखू नये. गोमेकॉच्या नेतृत्वाखाली चालणारा, हृदयविकाराच्या तीव्र झटक्यांसाठीचा स्टेमी प्रकल्प पाहा. छातीत कळ येऊन माणूस काणकोणच्या किंवा वाळपईच्या सरकारी केंद्रावर पोचला की तिथेच ईसीजी काढायचा, तो फोनवरून हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवायचा, त्याने होकार दिला की गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज इंजेक्शन तिथल्या तिथे द्यायचं आणि 108 मधून बांबोळीला न्यायचं. ईसीजी दहा मिनिटांत आणि इंजेक्शन अर्ध्या तासात, हे जगभरचं उद्दिष्ट. हृदयाचा स्नायू दर मिनिटाला मरत असतो. तिथे पूर्वपरवानगीची वाट पाहणं म्हणजे रुग्ण गमावणं. हे इंजेक्शन महाग आहे, तरी रुग्णाला त्याचे पैसे पडत नाहीत, कारण त्यामागे दावा नाही, साठा आहे. तातडीची सेवा, लसीकरण, क्षयरोग, बाळंतपण या गोष्टी दाव्याच्या रस्त्याने नेऊच नयेत. सगळंच विम्यात घाला असं म्हणणाऱ्यांना हा फरक दिसत नाही, आणि याचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

आता ओपीडी. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे 2021-22 मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के लोकांच्या खिशातून गेला. 2013-14 मध्ये तो 64.2 टक्के होता, म्हणजे सुधारणा मोठी आहे. पण उरलेल्या खर्चात औषधं आणि तपासण्या भरपूर आहेत, आणि दीनदयाळ असो की आयुष्मान, कार्ड चालतं ते दाखल झाल्यावर.

मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या पन्नाशीतल्या माणसाचा महिना मांडून पाहा. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन, अटोर्व्हास्टॅटिन या गोळ्या रोज. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे सरासरी साखरेची तपासणी. वर्षातून एकदा मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि डोळ्यांचा पडदा. यातल्या कशासाठीही कार्ड पुढे करता येत नाही. दहा-पंधरा वर्षं हे अर्धवट झालं की मूत्रपिंडं जातात आणि मग डायलिसिस: आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास, वर्षाच्या 156 खेपा. ते मात्र योजनेत बसतं. म्हणजे आजाराच्या सुरुवातीला हात आखडायचा आणि शेवटी मूठ सैल सोडायची, असा हा व्यवहार. एकच पैसे देणारा असेल तर त्याला हा हिशेब स्वतःच्या वहीत दिसतो, कारण गोळ्या आणि डायलिसिस दोन्हींचं बिल त्याच्याकडेच येतं. आज गोळ्यांचा खर्च रुग्णाचा आणि डायलिसिसचा सरकारचा, त्यामुळे गोळ्या वाचवण्यात कोणाचंच नुकसान लिहिलं जात नाही.

'आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात की,' असं कोणी म्हणेल. मिळतात, पण बाराही महिने मिळतीलच अशी खात्री देता येत नाही. याचं एक कारण मागणी काढण्याच्या पद्धतीत दडलेलं असतं. वर्षाची मागणी गेल्या वर्षी वाटलेल्या गोळ्यांवरून काढली जाते. समजा एका केंद्राने 60,000 गोळ्या वाटल्या, पण तीन महिने साठाच नव्हता. मग खरी गरज साठ हजारांची नव्हे. नऊ महिन्यांचा खप बारा महिन्यांवर नेला तर 80,000 ची. मागणीत मात्र 60,000 लिहिले जातात, पुढच्या वर्षीही साठा संपतो, आणि त्या अपुऱ्या आकड्यालाच 'खप' म्हणतात. उपाय साधा आहे. साठा शून्य असलेले दिवस नोंदवायचे आणि ते वजा करून खप काढायचा. त्यावर दोन-तीन महिन्यांचा राखीव साठा. आणि सरकारी केंद्रात गोळी नसेल त्या दिवशी चिठ्ठीवर जेनेरिक नावाने लिहून जवळच्या फार्मसीतून ठरलेल्या दरात मिळण्याची सोय, जिचं बिल निधी भरेल. ही शेवटची सोय झाल्यावरच साठा संपू देणं आरोग्य खात्याला महाग पडेल, आणि मगच तो संपायचा थांबेल.

सगळ्यात कठीण भाग पैशाचा. इथे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवायला हवं. लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या घरात, गोव्याच्या निम्म्याहून कमी. 2011 मध्ये त्यांनी सिंगल-पेयरचा कायदा केला, आणि डिसेंबर 2014 मध्ये त्याच गव्हर्नरांनी, पीटर शमलिन यांनी, तो गुंडाळला. हिशेब असा निघाला की मालकांवर पगाराच्या 11.5 टक्के कर आणि लोकांवर उत्पन्नाच्या 9.5 टक्क्यांपर्यंत वर्गणी लागेल. कायदा होता, लोकांचा पाठिंबा होता, पैशाचं गणित तीन वर्षं मागे राहिलं. आधी घोषणा आणि मग हिशेब केला की असं होतं.

गोव्याचे हात तर व्हरमाँटहूनही बांधलेले आहेत. आयकर केंद्राचा. जीएसटीत राज्याला एकट्याने भर घालता येत नाही. व्यवसाय कराला घटनेच्या 276 व्या कलमाने माणशी वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा आहे. पाच लाख कमावत्या माणसांनी पूर्ण भरला असं धरलं तरी 125 कोटी. राज्याच्या हातात उरतात मद्यावरचा अबकारी, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क, कॅसिनोंचं परवाना शुल्क आणि खनिजाचं स्वामित्वधन. आणि ही मिळकत डळमळीत असते: खाणी 2012 मध्ये बंद पडल्या, 2018 मध्ये पुन्हा, आणि 2020 मध्ये पर्यटन. माणशी वर्षाला सहा हजार रुपयांचा निधी धरला तर पंधरा लाख माणसांसाठी 900 कोटी होतात. तुलनेसाठी, 2021-22 मध्ये देशभरात केंद्र आणि राज्यं मिळून माणशी सरकारी आरोग्यखर्च 3,169 रुपये होता. या 900 कोटींतला मोठा भाग आज आरोग्य खात्यावर, योजनांवर आणि कर्मचाऱ्यांच्या बिलांवर जातोच आहे. तो वळवायचा आहे, सगळा नव्याने उभा करायचा नाही. पण निधीला राखीव गंगाजळी हवी. तैवानच्या कायद्यात एक ते तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला ठेवण्याची तरतूद आहे. खाणी आणि पर्यटनावर जगणाऱ्या राज्याने तीन महिन्यांच्या खाली येऊ नये.

ईएसआय आणि केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची योजना राज्याला आपल्या निधीत ओढता येणार नाही. ते केंद्राचे कायदे आहेत. म्हणून गोव्यात शंभर टक्के सिंगल-पेयर होणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण दीनदयाळ, मेडिक्लेम, आयुष्मानमधला राज्याचा वाटा आणि राज्य कर्मचाऱ्यांची बिलं एका खिडकीत आणायला दिल्लीची परवानगी फारशी लागत नाही. सार्वजनिक आरोग्य आणि इस्पितळं हा राज्यसूचीतला विषय आहे. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय तज्ज्ञगटाने 2011 मध्येच सांगितलं होतं की पैसा सर्वसाधारण करांतून यावा आणि सेवा विकत घेण्यासाठी मध्ये विमा कंपनी ठेवू नये.

विरोधकांचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे: सरकार पैसे उशिरा देतं. अनेक ग्राहक असले की एकाने थकवलं तरी इस्पितळ तगतं. ग्राहक एकच असेल आणि त्याने थकवलं तर पगार थांबतात. नर्सचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, इम्प्लांटवाला ठरलेल्या मुदतीपलीकडे उधारी देत नाही, आणि दावा चार महिने अडला तर छोटं इस्पितळ आधी योजनेतून बाहेर पडतं नि मग बंद होतं. आयुष्मान योजनेचा नियम राज्यातल्या दाव्याला 15 दिवस आणि परराज्यातल्याला 30 दिवस असा आहे. गोव्याच्या कायद्यात हीच मुदत घालावी, पण दातांसकट: कागद पूर्ण असलेल्या दाव्याची अर्धी रक्कम आपोआप जमा, उरलेली तपासणीनंतर, मुदत उलटली की व्याज. क्वेरी एकदाच आणि सगळी मिळून काढायची. तुकड्यातुकड्याने प्रश्न विचारायला बंदी. आणि निधीचं बँक खातं अर्थ खात्याच्या रोजच्या ओढाताणीपासून वेगळं. हे शेवटचं कलम नसेल तर बाकीची सगळी कलमं मार्चअखेरीस निरुपयोगी ठरतील.

रांगांचं म्हणणंही खोटं नाही. कॅनडात गुडघा बदलायला किंवा तज्ज्ञ डॉक्टर भेटायला महिनोन्महिने थांबावं लागतं, आणि 2005 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने क्वेबेक प्रांतातली खासगी विम्यावरची बंदी याच कारणाने उठवली. गोव्यात खासगी पॉलिसीवर बंदी घालण्याची कल्पना कोणी मांडली तर मी विरोधच करीन. ज्याला वेगळी खोली हवी त्याने ती विकत घ्यावी. फक्त गोमेकॉच्या एमआरआयची आणि शस्त्रक्रियांची प्रतीक्षायादी क्रमांकासह जाहीर असावी, म्हणजे वशिल्याने मागचा पुढे गेला तर तो दिसेल.

राहता राहिला प्रश्न 'आपला कोण' याचा. पाच वर्षं वास्तव्याची अट राज्याच्या पैशाच्या दृष्टीने समजण्यासारखी आहे. पण 2024 च्या पावसात कुटबण जेटीवर कॉलऱ्याची साथ आली ती ट्रॉलरवरच्या परप्रांतीय खलाशांत, दाटीवाटीच्या राहणीमुळे आणि दूषित पाण्यामुळे, आणि त्यात माणसं दगावली. जंतू वास्तव्याचा दाखला मागत नाही. बांधकामावरचा मजूर, ट्रॉलरवरचा खलाशी यांना ओपीडी आणि संसर्गजन्य रोगांचे उपचार पहिल्या दिवसापासून मिळायला हवेत, आणि त्यांचा हप्ता ट्रॉलरमालकाच्या किंवा बांधकाम कंत्राटदाराच्या परवान्याशी जोडावा.

सिंधुदुर्गाचं तर वेगळंच नातं. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीच्या रुग्णाला जवळचं मोठं इस्पितळ म्हणजे बांबोळी. जानेवारी 2018 पासून गोमेकॉने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा तळकोकणात संताप झाला, आणि तो समजण्यासारखाच होता. पिढ्यान्‌पिढ्या ती माणसं तिथेच येत होती. आज महाराष्ट्राची महात्मा फुले जन आरोग्य योजना कुटुंबाला पाच लाखांपर्यंत आणि उत्पन्नाची अट न घालता लागू आहे. मग बांद्याच्या रुग्णाकडून काउंटरवर पैसे घेण्याचं कारण उरत नाही. दोन राज्यांनी एकच दरपत्रक मान्य करायचं, गोमेकॉने उपचार करायचे आणि दर तिमाहीला बिल मुंबईला पाठवायचं.

सुरुवात कुठून? पहिल्या वर्षी फक्त दोन कामं: दीनदयाळ, मेडिक्लेम आणि कर्मचाऱ्यांची बिलं यांचं दरपत्रक एक करणं, तेही गोमेकॉतल्या आणि दोन-तीन खासगी इस्पितळांतल्या प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब काढून, आणि तिन्हींचे दावे एकाच प्रणालीत घेणं. त्याच वर्षी सत्तरी तालुक्यात ओपीडीचा प्रयोग करता येईल. वाळपईचं केंद्र आणि त्याखालची उपकेंद्रं, मधुमेह नि रक्तदाबाच्या नोंदलेल्या प्रत्येक रुग्णाला महिन्याच्या गोळ्या आणि वेळापत्रकाप्रमाणे तपासण्या, साठा संपला तर फार्मसीतून. वर्षाअखेरीस तीन आकडे जाहीर करायचे: किती जणांनी बाराही महिने गोळ्या नेल्या, किती जणांची साखर आणि रक्तदाब आटोक्यात आला, आणि माणशी खर्च किती झाला. दुसऱ्या वर्षी कोणत्या तालुक्यात जायचं आणि अर्थसंकल्पात किती मागायचं, हे त्या तिसऱ्या आकड्यावरून ठरेल.